पत्त्यात गाव आहे, नकाशात नाही: उजनीत गेलेली वाडी कागदांवरून कशी शोधायची?

भीमाकाठ
इंदापूर तालुक्यातली एक वाडी शोधायची आहे. वारसांचा वाद चालू असल्यामुळे नाव इथे लिहीत नाही. तशीही मला हवी आहे ती पद्धत. हातात असलेले कागद असे:

दोन पोस्टकार्डे. एकावर अर्ध्या आण्याचा छाप, दुसऱ्यावर ५ नये पैसे. दोन्हींवर पत्ता 'मु. अमुकवाडी, पो. इंदापूर, स्टे. डिकसळ, जि. पुणे'. शिवाय एका खरेदीखताची नक्कल. तिच्यात 'मौजे तमुक पैकी अमुकवाडी' असे लिहून पुढे सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा दिल्या आहेत.

२०११च्या जनगणनेच्या यादीत ही वाडी नाही, सातबाराच्या संकेतस्थळावर गावांच्या यादीत नाही, गूगलवर नाही. धरणात गेली असावी असा अंदाज आहे, पण नक्की जागा हवी. कोणते जुने नकाशे पाहावेत? पोस्टाकडे अशा गावांची नोंद मिळते का? आणि जुना नकाशा आजच्या नकाशावर कसा बसवायचा?

गावदप्तर
तुमचे अर्धे उत्तर खरेदीखतातल्या 'पैकी' या शब्दात आहे.

महसुली दप्तराला फक्त मौजे कळते. मौजे म्हणजे स्वतःची शीव, स्वतःचा आकारबंद (नंबरवार क्षेत्र आणि साऱ्याचा तक्ता) आणि सर्व्हे नंबरांची स्वतःची मालिका असलेले गाव. वाडी, वस्ती, मजरे हे त्या मौजेच्या पोटात. 'मौजे तमुक पैकी अमुकवाडी' असे लिहिले असेल तर अमुकवाडीचे वेगळे दप्तर कधीच नव्हते. सातबाराच्या यादीत ती सापडायची नाही आणि जनगणनेतही नाही, कारण जनगणना ग्रामीण भागात महसुली गावच मोजते. वाडीची माणसे तमुकच्या आकड्यात मिसळलेली असतात. तेव्हा अमुकवाडीचा शोध थांबवा आणि तमुकचे कागद काढा.

उलट प्रकारही असतो. गाव उठून गेले, पण मौजे कागदावर जिवंत आहे. त्याला दप्तरात 'बेचिराख' म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत अशा गावापुढे लोकसंख्येच्या जागी 'निर्जन' अशा अर्थाची नोंद असते, पण क्षेत्रफळ असते. १९६१ आणि १९७१च्या पुस्तिकांत माणसे आहेत आणि १९८१च्या पुस्तिकेत नाहीत, असे गाव भीमाकाठी दिसले तर कारण वेगळे शोधायला नको. उजनी १९८०मध्ये पूर्ण झाले. या पुस्तिका जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. १९६१ची आधी उघडा, तिच्यात गावागणिक सोयीसुविधांचा तक्ता आहे आणि पोस्ट होते की नाही हेही त्यात कळते.

आता तमुकचे काय काय काढायचे ते सांगतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची नक्कल आणि आकारबंद. नक्कल मागताना 'एकत्रीकरणापूर्वीचा, सर्व्हे नंबरांचा नकाशा' असे स्पष्ट लिहा, नाहीतर गट नंबरांचा हातात देतील. तुमच्या खतातला नंबर सर्व्हे नंबर आहे. १९४७च्या जमीन एकत्रीकरण (विखुरलेले तुकडे जोडण्याच्या) कायद्याखाली योजना लागू झाली त्या गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि दोन्ही आकडे बहुतेक वेळा जुळत नाहीत. दोन्ही नकाशे मिळाले तर एकत्रीकरण योजनेचा जुना-नवा तक्ताही मागा. सर्व्हे नं. ४२ आणि गट नं. ४२ एकच समजून भलत्याच शेतात जाऊन उभे राहणारे कमी नाहीत.

वाडीची वस्ती गावनकाशावर क्वचित नावानिशी असते. पण घरांखालच्या जमिनीला शेतसारा नसतो, त्यामुळे आकारबंदात त्या नंबराचे काही क्षेत्र पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला न येणाऱ्या जमिनीत, गेलेले दिसते. खतातल्या चतुःसीमांत 'पूर्वेस गाडीवाट, दक्षिणेस ओढा' असे काही असेल तर ओढा नकाशावर सापडतो. गाडीवाटेवर फार विश्वास नको, ती दर पिढीला सरकते.

धरणासाठी जमीन गेली असेल तर आणखी दोन कागद निघतात. एक, १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४ आणि कलम ६च्या अधिसूचना. या राज्याच्या राजपत्रात छापलेल्या असतात आणि त्यात गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र येते. दुसरा, भूसंपादनाचा निवाडा. निवाड्यात घरे, विहिरी, झाडे यांची मोजदाद असते. एखाद्या सर्व्हे नंबरात दहा-बारा घरांची भरपाई दिसली की तुमची वाडी तीच. फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) आणि जुने सातबारे 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन केलेले मिळतात. संपादनाचा फेरफार क्रमांक तिथून उचला आणि मग निवाड्याचा अर्ज करा. प्रकरण क्रमांक नसलेला अर्ज टेबलावरून हलत नाही.

शिक्केवाला
वरचे पटते, पण पोस्टकार्ड असे बाजूला टाकू नका. दप्तराला जी वाडी दिसत नाही ती पोस्टमनला दिसते.

पत्ता नीट फोडा. 'मु.' म्हणजे मुक्काम, माणूस राहतो ते ठिकाण. ते मौजे असेल, वाडी असेल, कधी नुसती दहा घरांची वस्ती. 'पो.' म्हणजे ज्या कचेरीतून टपाल वाटले जाते ती. 'मु. पो.' एकत्र असेल तर पोस्ट त्याच गावात. तुमच्या कार्डावर दोन्ही वेगळी आहेत, म्हणजे वाडीत पोस्ट नव्हते आणि वाटप इंदापूरच्या हद्दीत होते. तिसरा तुकडा 'स्टे. डिकसळ'. पुणे ते डिकसळ लोहमार्ग १८५८मध्ये सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षे त्या भागातल्या लोकांच्या पत्त्यात तेच स्टेशन राहिले. लिहिणारा जवळचे किंवा सोयीचे स्टेशन लिहितो. त्यामुळे वाडी डिकसळच्या अंगाला, तालुक्याच्या वायव्येला असण्याची शक्यता मोठी. पुरावा म्हणून हे कच्चे, पण कोणता नकाशा आधी उघडायचा हे ठरवायला पुरेसे.

तुमच्या दोन कार्डांत एक सोय आहे. अर्ध्या आण्याचा दर १९२२पासूनचा, त्याआधी १८७९पासून पाव आणा होता, आणि १९३१च्या शेवटी तो पाऊण आणा झाला. म्हणजे पहिले कार्ड १९२० ते ३०च्या दशकातले असण्याचा संभव जास्त. 'नये पैसे' हा शब्द १९५७ ते १९६४ एवढाच चालला. तेव्हा वाडी दोन्ही काळात वसलेली होती आणि तिचे पोस्टही बदलले नव्हते. मधल्या काळात जवळ शाखा पोस्ट उघडले असते तर दुसऱ्या कार्डावर 'पो.' बदललेले दिसले असते. अर्थात लिहिणाऱ्याची जुनी सवय हा धोका आहेच. म्हणून पत्ता आणि शिक्का ताडून पाहा. कार्डावर सहसा दोन शिक्के असतात, टाकले तिथला आणि पोचले तिथला. पोचल्याचा शिक्का इंदापूरचा असेल तर प्रश्न मिटला. दुसऱ्याच कचेरीचा असेल तर त्या कचेरीचे नाव पत्त्यापेक्षा खरे धरा.

शिक्के वाचताना जिथे घसरायला होते ते सांगतो. शिक्क्यावर पोस्टाचे नाव असते, गावाचे नव्हे. आणि ते पोस्ट पुष्कळदा स्टेशनच्या नावाने ओळखले जाते. 'बार्शी रोड' वाचून बार्शीत शोधू नका, ते कुर्डुवाडी. शाखा पोस्टाचा शिक्का पुसट असतो किंवा नसतोच. ठळक दिसतो तो त्याच्या वरच्या उपडाकघराचा. आणि पिन कोडवरून जागा काढू नका. पिन १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्यामुळे तुमच्या कार्डांवर तो नाही. पण नंतरच्या एखाद्या पाकिटावर मिळाला तरी तो पोस्टाचा क्रमांक आहे. धरणामुळे गाव वर सरकले आणि पोस्टही त्याच्याबरोबर नव्या गावठाणात गेले तर नाव तेच राहते, पिनही तोच राहू शकतो. जागा मात्र काही किलोमीटर लांब.

टपाल खात्याचे छापील साहित्य दोन प्रकारचे. पोस्टल गाइड आणि डाकघरांच्या याद्या: यांत फक्त कचेऱ्या. दुसऱ्या प्रकारात गावांच्या डिरेक्टऱ्या: गाव, तालुका, जिल्हा आणि वाटप करणारे पोस्ट. तुमच्या कामाच्या या दुसऱ्या. मोठ्या ग्रंथालयांत आणि इंटरनेट आर्काइव्हवर अधूनमधून सापडतात. १८८५च्या पुणे गॅझेटिअरमध्येही जिल्ह्यातल्या डाकघरांची माहिती आहे, ती व्यापार-दळणवळणाच्या प्रकरणात शोधा.

शोधताना स्पेलिंगचे तीन-चार अवतार आधी लिहून घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज कानाला ऐकू येईल तसे लिहीत. 'इंदापूर'च्या शेवटी दोन 'ओ' येतात, पळसदेवच्या 'प'पुढे 'ए'ऐवजी 'यू' येतो. नंतर पद्धत ठरली आणि सगळे बदलले. 'ळ'साठी कधी 'एल', कधी 'आर'. बुद्रुक आणि खुर्द 'बीके' आणि 'केएच' असे आखडून लिहितात आणि छापताना गाळतातही.

चालू पोस्टात जाऊन १९५८चे वाटप रजिस्टर मागू नका. जतनाची मुदत संपली की ती कागदपत्रे नष्ट होतात. शाखा पोस्टाच्या हद्दीत आज कोणत्या वाड्या-वस्त्या येतात याची यादी मात्र डाक निरीक्षकाच्या कार्यालयाकडे मागता येते. नाही मिळाली तर माहिती अधिकारात दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून अर्ज करा. उठलेल्या वाडीचे नाव नव्या वसाहतीला पुष्कळदा चिकटलेले असते, आणि लोक कुठे गेले याचा माग तिथून लागतो.

कंटूर
नकाशांबद्दल. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशा-पत्रकांची क्रमांकपद्धत एकदा कळली की पत्रक शोधायला कोणाला विचारावे लागत नाही. ४७ क्रमांकाचे पत्रक म्हणजे १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांश. त्याचे एक-एक अंशाचे १६ चौकोन, ए ते पी, वरून खाली आणि मग पुढचा रकाना. प्रत्येक अक्षराचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ चौकोन, त्याच क्रमाने. पुणे शहर ४७ एफ/१४. भिगवण-डिकसळ ४७ जे/१५, पळसदेव ४७ जे/१६, इंदापूर ४७ एन/४. तुमची वाडी या तिन्हींपैकी एकात असणार. सुरुवात जे/१५ आणि जे/१६पासून करा.

धरणापूर्वीची आवृत्ती हवी. आजची १:५०,०००ची पत्रके विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात, पण त्यांवर निळे पाणीच दिसेल. 'एक इंच = एक मैल' अशी जुनी पत्रके शोधा. समासात सर्वेक्षणाचे साल आणि छपाईचे साल वेगवेगळे दिलेले असते. धरायचे ते सर्वेक्षणाचे. १९६०चा छाप असला तरी मोजणी त्याच्या पन्नास वर्षे आधीची असू शकते, आणि मधे फक्त रस्ते सुधारलेले.

सूचीत वसलेले गाव आणि उजाड गाव यांची चिन्हे वेगळी आहेत. रंगीत पत्रकांवर वसलेली घरे लाल, उजाड गाव नुसत्या काळ्या रेषेत. बिगर नावाचे चार-सहा लाल ठिपके, शेजारी विहिरीचे चिन्ह, देवळाचे चिन्ह आणि तिथे येऊन मिळणारी गाडीवाट, एवढे एकत्र दिसले तर ती वस्ती समजा. सर्वेक्षकाने नाव विचारले नाही किंवा जागा नव्हती म्हणून लिहिले नाही. जुन्या पत्रकांवर पोस्ट 'पीओ', तारेची सोय असेल तर 'पीटीओ' असे असते. शिक्केवाला यांच्या यादीशी ते ताडून पाहा.

बसवायचे कसे: ३०० डीपीआयला सपाट स्कॅन. मोबाइलचा फोटो नको, कडा वाकतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीतले जिओरेफरन्सर (स्कॅन अक्षांश-रेखांशांवर बसवणारे साधन) उघडा. १५ मिनिटांच्या पत्रकावर दर ५ मिनिटांच्या रेषा धरल्या तर कोपऱ्यांसह १६ छेद मिळतात. सगळे १६ द्या, फक्त चार कोपरे देऊ नका; जुना कागद एका बाजूला जास्त आकसलेला असतो आणि ते चार बिंदूंवरून कळत नाही. पद्धत पॉलिनोमिअल १, चूक फार आली तरच २. या प्रमाणावर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, आणि ३०० डीपीआयचा एक पिक्सेल साधारण ५.४ मीटर. सरासरी चूक ४ पिक्सेलच्या आत आली की पुरे.

सर्वांत जास्त लोक चुकतात ते पुढच्या पायरीला. जुन्या पत्रकाचे अक्षांश-रेखांश एव्हरेस्ट गोलाभावर (पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती मापावर) आहेत, जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ या नव्या मापावर. बिंदू देताना प्रणाली कालियानपूर १९७५, प्रणालीच्या यादीत ईपीएसजी ४१४६ या क्रमांकाची, निवडा आणि मग रूपांतर करा. थेट डब्ल्यूजीएस निवडली तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक पडतो. नदीकाठी तेवढ्यात माणूस एका ओढ्याच्या या तीरावरून त्या तीरावर जातो.

मौजेचा गावनकाशाही असाच बसतो, पण त्याला अक्षांश-रेखांश नसतात. तिहेरी शिवेचे दगड, ओढ्यांचे संगम, टेकडीवरचे देऊळ हे बिंदू घ्या. प्रमाण कोपऱ्यात असते. जुन्या मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एका इंचाला २० साखळ्या लिहिले असेल तर ६६० फूट. ६६ फुटांची इंग्रजी साखळी धरली तर गाव दुप्पट होते.

भीमाकाठ
सगळ्यांचे आभार. तमुकचा गावनकाशा मागवला आहे. दरम्यान दोन पत्रके मिळाली. एक विसाव्या शतकातले रंगीत, ते नीट बसले, फक्त रेल्वेमार्ग आजच्या मार्गावर कुठेच येत नाही, कित्येक किलोमीटर सोडून जातो. दुसरे एकोणिसाव्या शतकातले काळे-पांढरे. १६ बिंदू दिले, चूक ३ पिक्सेल आली, तरीही सगळी गावे पूर्वेला चारेक किलोमीटर सरकलेली आहेत. दोन्हींत माझे काय चुकले?

कंटूर
काहीच नाही.

रेल्वे खरोखर हलली आहे. उजनीच्या फुगवट्यामुळे त्या पट्ट्यातला लोहमार्ग बदलावा लागला. म्हणून त्या भागात रूळ किंवा स्टेशन हे जुळणीचे बिंदू म्हणून कधीच घेऊ नका. डिकसळचा जुना रेल्वे पूल मात्र जागेवर आहे, त्यावरून पुढे रस्त्याची वाहतूक सुरू झाली. तो पत्रकावर शोधा आणि उपग्रहचित्रावरच्या पुलाशी जुळतो का पाहा. याहून चांगली तपासणी त्या पाण्यात दुसरी मिळणार नाही.

दुसऱ्या पत्रकाचे रेखांशच चुकीचे आहेत. एकोणिसाव्या शतकातली भारतातली सर्व रेखांशे मद्रास वेधशाळेच्या तेव्हा मानलेल्या रेखांशावर टांगलेली होती आणि तो आकडा २ मिनिटे २७ सेकंदांनी जास्त होता. १९०५च्या सुमारास दुरुस्ती झाली. काही पत्रकांच्या समासात 'इतके वजा करा' अशी तळटीप सापडते. आपल्या अक्षांशावर २ मिनिटे २७ सेकंद म्हणजे सुमारे ४.३ किलोमीटर, आणि सरकतात पूर्वेलाच. प्रत्येक बिंदूच्या रेखांशातून तेवढे वजा करून पुन्हा बसवा. अक्षांशाला हात लावू नका.

गावदप्तर
इंदापूर आहे म्हणून एक भर. मुंबई इलाख्यातली सर्व्हे नंबरांची पद्धत जिथे पहिल्यांदा बसवली तो हाच तालुका. प्रिंगल या ब्रिटिश अधिकाऱ्याची आधीची मोजणी फसली, मग गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६मध्ये इथून सुरुवात केली. तीस वर्षांनी, १८६७च्या सुमारास फेरआकारणी. या अहवालांचे छापील खंड मुंबई सरकारच्या निवडक कागदपत्रांच्या मालिकेत आहेत आणि त्यांत तालुक्यातल्या गावांची हालहवाल आहे. तमुक त्या काळी पूर्ण वसलेले होते की अर्धे ओस, ते तिथे पाहा. वाडी १८३६नंतर वसली असेल तर गावनकाशाच्या पहिल्या प्रतीत तिची खूण नसणारच. फेरमोजणीची प्रत मागा.

गोदातीर
हाच धागा वाचून कोणी नाथसागरातली गावे शोधायला निघाले तर थांबा. पैठणचे धरण १९७६चे, पण पैठण, गंगापूर हा मुलूख निजामाचा. तिथे निजामाचे स्वतःचे टपाल खाते होते, ते १ एप्रिल १९५०ला भारतीय टपालात विलीन झाले. त्याआधीचे शिक्के पुष्कळदा उर्दूत, सालेही हिजरी किंवा फसली (महसुली कालगणनेची). मुंबई टपाल विभागाच्या (सर्कलच्या) डिरेक्टरीत ती गावे सापडणार नाहीत. नदीच्या दक्षिणेचा नगर जिल्ह्यातला शेवगावचा काठ मात्र मुंबई इलाख्यातला. एकाच जलाशयाच्या दोन काठांना दोन टपाल खाती, दोन मोजण्या.

कंटूर
भीमाकाठ, पत्रकांवर जागा साधारण ठरली की आकाशातून तपासा. अमेरिकेचे 'कोरोना' हेरगिरी उपग्रह १९६० ते १९७२ या काळात फिरत होते, त्यांची चित्रे १९९५मध्ये खुली झाली. म्हणजे उजनीच्या आधीची. शेवटच्या मालिकेत तपशील दोन मीटरपर्यंतचा आहे, वाडीतली घरे ओळखू येतात. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्स्प्लोरर संकेतस्थळावर आपल्या भागाची पट्टी निवडा. आधी कोणी स्कॅन करून घेतलेली असेल तर फुकट, नसेल तर एका पट्टीला ३० डॉलर. पैसे भरण्याआधी लहान चित्रात ढग पाहून घ्या. आणि पट्टी लांबट, टोकांना ताणलेली असते, पूर्ण पट्टी एकदम बसवायला जाऊ नका. वाडीभोवतीचा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा कापून तेवढाच बसवा.

त्याच्यावर गूगल अर्थचे जुने चित्र ठेवा, मे-जूनमधले, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षाच्या पुढचे. उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपला, की पळसदेवचे देऊळ आणि कुगावचा इनामदार वाडा उघडे पडतात, तसे वाडीचे पायथेही दिसू शकतात.

गावदप्तर
प्रत्यक्ष जाणार असाल तर पांढरी शोधा. काळ्या शेतात गावाची जागा फिकट, राखट, भुसभुशीत दिसते. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि भिंतींची माती. म्हणून शेताला काळी आणि गावाला पांढरी. धरणाच्या गाळाखाली हा रंग झाकला जातो, तिथे खापरे, फुटके जाते, चुन्याची विहीर आणि पाराचे दगड पाहा. वाडीला वेस नसते, पण मारुती किंवा म्हसोबा असतो. लोक उठताना मूर्ती बरोबर नेतात आणि चौथरा मागे राहतो. नव्या वसाहतीत 'ही मूर्ती जुन्या गावातून आणलेली' असे सांगणारे भेटले तर त्यांना खतातल्या चतुःसीमा वाचून दाखवा. ओढ्याचे आणि शेजारच्या शेताचे नाव त्यांच्या तोंडून आले पाहिजे, तुम्ही आधी सुचवू नका.

आणि पाणी ओसरल्यावर लगेच उतरू नका. वरून कोरडा दिसणारा गाळ आत कमरेइतका मऊ असतो. मासेमारी करणाऱ्यांना वाट विचारा, त्यांच्या होडीतून जवळ जा आणि जीपीएसची नोंद काठावरून नव्हे, चौथऱ्यावर उभे राहून घ्या.